कंठ फुटण्याचे वय आणि संगीत नाटकाची शाळा

मराठी संगीत नाटकाचा इतिहास आपण बहुधा मोठ्या नावांनी सांगतो. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर हे नाटककार. भाऊराव, बालगंधर्व, केशवराव, दीनानाथ हे गायक-नट. भास्करबुवा बखले, गोविंदराव टेंबे, मास्तर कृष्णराव हे चाली देणारे. नावे खरी आहेत आणि मोठीही आहेत. पण या क्रमात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. बारा-चौदा वर्षांचा एखादा गाणारा पोर मंडळीत येत असे, तेव्हा त्याचा गळा नाटकाचा कसा होई? त्याला शिकवी कोण, त्याच्या जेवणाखाणाचा खर्च उचली कोण, आणि चुकतमाकत गाण्याची मुभा त्याला किती दिवस मिळे? या प्रश्नाचे उत्तर शोधल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाला हात घालता येत नाही. आज पेण, रोहे, नागोठणे, धरमतर या पट्ट्यातल्या एखाद्या गोड गळ्याच्या मुलीला नाट्यपद गावेसे वाटले, तर तिच्यासाठी काय आहे?

गेली काही वर्षे मी नटांची आत्मचरित्रे याच प्रश्नासाठी पुन्हा वाचतो आहे. गणपतराव बोडसांची ‘माझी भूमिका’, चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’, गोविंदराव टेंब्यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ ही पुस्तके किस्स्यांसाठी वाचली जातात. शाळेची दैनंदिनी म्हणून वाचली, तर त्यांतून वेगळेच काही हाती लागते.

मंडळी म्हणजे काय?

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले होते. पण तिथे गाण्याचा मुख्य भार सूत्रधारावर असे. किर्लोस्करांनी पद त्या त्या पात्राच्या तोंडी दिले. हा बदल वाचताना लहान वाटतो. त्याचा व्यावहारिक परिणाम मात्र प्रचंड होता. आता शकुंतलेला गाता आले पाहिजे, दुष्यंताला गाता आले पाहिजे, सख्यांनाही गाता आले पाहिजे. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर यांसारखे गाणारे नट किर्लोस्करांना मिळाले. पुढे बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले आणि 1882च्या ‘सौभद्रा’त त्यांची सुभद्रा गाजली. स्त्रीभूमिका पुरुषच करीत असल्याने उंच, कोवळ्या आवाजाचे मुलगे ही प्रत्येक मंडळीची कायमची गरज झाली.

आवाजाचा शोध घ्यायचा, मुलगा आणायचा, त्याला घडवायचे आणि त्याचा आवाज उतरायच्या आत दुसरा तयार ठेवायचा, हे चक्र मंडळीला चालू ठेवावेच लागे. ते थांबले की काय होते, हे किर्लोस्कर मंडळीने अनुभवले. 1901 साली भाऊराव गेले आणि मंडळीचा आधार गेला. नारायण राजहंस 1905 साली मंडळीत आला तोपर्यंतचा काळ त्या जागेसाठी गळा शोधण्यातच गेला.

म्हणून नाटक मंडळीला मी फिरती निवासी शाळा म्हणतो. तिच्यात एकत्र पंगत होती, तालीम मास्तर होते, गवई होते. सकाळी गळ्याची मेहनत, दुपारी नकला पाठ करणे, रात्री प्रयोग. आठवड्याला दोन प्रयोग धरले आणि पावसाळा, प्रवास, आजारपणे वजा करून पस्तीस आठवडे धरले, तरी वर्षाला सत्तर प्रयोग होतात. पहिली दोन वर्षे सखी किंवा बटू म्हणून उभ्या राहणाऱ्या मुलाने शंभराहून अधिक प्रयोग विंगेतून ऐकलेले असत. मुख्य भूमिका त्याच्याकडे येई तेव्हा पद पाठ करायचे उरलेलेच नसे. कुठे श्वास घ्यायचा, कुठल्या शब्दावर प्रेक्षक हसतो, ‘वन्समोअर’ आल्यावर पुन्हा कुठून उचलायचे, हे सारे कानातून आत गेलेले असे.

पेणला राहणाऱ्याला हे समजावून सांगायला लांबचे उदाहरण लागत नाही. गणपतीच्या कारखान्यात नवा आलेला पोर पहिल्या दिवशी मूर्तीच्या डोळ्यांना हात लावत नाही. साच्यातून निघालेल्या मूर्ती साफ करणे, पॉलिश पेपर मारणे, सपाट रंग देणे असे करीत त्याच्या हाताखालून शेकडो मूर्ती जातात आणि मग एखाद्या वर्षी डोळ्यांची आखणी त्याच्याकडे येते. आखणी शिकवण्याचा वेगळा वर्ग नसतो. शेकडो मूर्ती हाच तो वर्ग. संगीत नाटकातला ‘शेकडो प्रयोग’ हा वर्ग मोडला, आणि पुढचा सगळा प्रश्न तिथून सुरू झाला.

कोवळ्या वयाचा हिशोब

मंडळीतली मुले किती कोवळ्या वयात जबाबदारी घेत, याची आज कल्पना येत नाही. केशवराव भोसले लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत होते. देवलांच्या ‘शारदे’तली त्यांची शारदा लोकांनी डोक्यावर घेतली. 1908 साली त्यांनी हुबळीत स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. दीनानाथ मंगेशकर चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह 1918 साली ‘बळवंत संगीत मंडळी’ उभी करतात, तेव्हा त्यांनीही विशी गाठलेली नव्हती. 1913 साली टेंबे आणि बोडस यांच्यासह ‘गंधर्व नाटक मंडळी’ काढणारे बालगंधर्व त्या मानाने वडीलधारे, पंचवीस वर्षांचे.

या यशामागे एक कठोर शारीरिक सत्य होते. तेरा ते पंधराच्या सुमारास मुलाचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब होतात आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. यालाच आपण कंठ फुटणे म्हणतो. मुलींचाही आवाज या वयात बदलतो. पण तो दोन-तीन स्वरांनीच उतरत असल्याने बाहेरच्याला चटकन कळत नाही. या महिन्यांत गळ्यावर जोर दिला, तर चिरका किंवा घोगरा आवाज कायमचा पदरी पडण्याची भीती असते. ज्यांचा आवाज या वळणावरून सुखरूप गेला त्यांची नावे इतिहासात आली. ज्यांचा गेला नाही, ती मुले इतिहासात नाहीत. शाळा सुटलेली, घर सुटलेले आणि आता गळाही सुटलेला, अशा मुलांची संख्या कुणी मोजली नाही. मंडळीच्या आठवणी काढून हळहळताना त्यांचे स्मरण ठेवणे मला आवश्यक वाटते.

तरीही चांगल्या मंडळीत एक सोय होती. कंठ फुटलेल्या मुलाला देण्यासारखे दुसरे काम तिथे असे. गद्य भूमिका होत्या, पडदे होते, पेटी-तबला होता, नकला उतरवून काढण्याचे काम होते. आवाज स्थिरावेपर्यंत तो पंगतीला राहू शकत असे. आजच्या कुठल्याही स्पर्धेत ही सोय नाही.

पैसा कुठून येई?

तिकीटविक्री हे मुख्य उत्पन्न, त्याच्या जोडीला राजाश्रय. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी कलावंतांना दिलेला आधार आणि त्यांच्या काळात उभे राहिलेले पॅलेस थिएटर सर्वांना माहीत आहे. तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट 2024 मध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते आगीत जळाले, तेव्हा अनेकांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले. बडोद्याच्या सयाजीरावांचा आश्रयही मोठा होता. त्याच कोल्हापुरात 1883 पासून ‘गायन समाज देवल क्लब’ आहे. राजाचा आश्रय आणि रसिकांची वर्गणी असे दोन्ही आधार एकाच गावात असले, की गवई, पेटीवाले आणि ऐकणारे कान तिथे टिकून राहतात.

नुसता पैसा असून भागत नसे, हे गंधर्व मंडळीच्या कर्जांनी दाखवले. अहमदजान थिरकवाँसारखा तबलिया आणि कादरबक्षांसारखा सारंगिया साथीला ठेवणारी ही मंडळी श्रीमंतीने राहिली आणि कर्जाने वाकली. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. बोलपटात गाणे होते, तिकीट स्वस्त होते आणि प्रत्येक गावात एकच नट एकाच वेळी गाऊ शकत होता. 1935 साली खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त दिसले. फिरत्या मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्याबरोबर ती शाळाही मिटली.

नाटक मात्र संपले नाही. 1960च्या दशकात विद्याधर गोखल्यांची ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मंदारमाला’ ही नाटके आली, कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ आणि दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ आले, अभिषेकीबुवांनी पदांचे रूप पालटले. भालचंद्र पेंढारकर ‘ललितकलादर्श’ चालवीत राहिले. जयराम आणि जयमाला शिलेदारांची ‘मराठी रंगभूमी’ 1949 पासून चालत राहिली आणि कीर्ती शिलेदार त्याच घरात घडल्या. पण बारकाईने पाहिले तर या काळातले बरेच गायक-नट एकतर जुन्या मंडळीत लहानाचे मोठे झालेले होते, किंवा नाटकवाल्यांच्या घरात. सौदागर गोरे, म्हणजे छोटा गंधर्व, ‘बालमोहन’मधून आलेले. शाळा बंद झाल्यावरही तिच्या शेवटच्या तुकडीने आणखी तीस-चाळीस वर्षे निभावून नेले. त्यामुळे शाळा बंद झाल्याचे आपल्या उशिरा लक्षात आले.

धरमतरच्या अलीकडे आणि पलीकडे

आमच्या जिल्ह्याची गोष्ट थोडी निराळी आहे. महाडचे यशवंतराव टिपणीस यांच्यासारखा नाटककार-नट या जिल्ह्याने दिला. पण ते नाव मुंबई-पुण्यात झाले. मंडळ्यांचे दौरे मोठ्या प्रमाणावर रेल्वेच्या आधाराने चालत. पडदे, पेट्या, कपडे, भांडीकुंडी आणि साठ-सत्तर माणसे हलवायची तर आगगाडीसारखे साधन नाही. कुलाबा जिल्ह्यात येणे म्हणजे मुंबईहून आगबोटीने धरमतरला उतरणे आणि पुढे बैलगाडी. समुद्र खवळला की तेही बंद. रोह्यापर्यंत रेल्वे आली ती 1986 साली. मंडळ्यांचे वैभवाचे दिवस आणि आमची रेल्वे यांच्यात अर्धशतकाचे अंतर आहे.

त्यामुळे माझे अनुमान असे, की खाडीच्या या बाजूला संगीत नाटक आले ते मुख्यत्वे तबकडीतून, नंतर रेडिओतून आणि भजनातून. कोकणातल्या भजनी बुवाने नाट्यपदाची चाल उचलून तिच्यावर अभंग बसवणे ही नवलाची गोष्ट नाही. ज्याने नाटक कधी पाहिले नाही, त्याच्याही कानात ‘मानापमाना’तल्या चाली असतात. गणपती, रामनवमी, सप्ताह, गावची जत्रा या निमित्तांनी गाणारे गळे आमच्याकडे गावोगाव तयार होतात. पखवाज, तबला, पेटी घरात असते. मुलांना लाज नसते, लोकांपुढे उभे राहायची सवय असते. कमतरता असते ती पुढच्या पायरीची.

आज उपलब्ध काय आहे?

पहिली पायरी परीक्षांची. पलुस्करांच्या परंपरेतून 1931 साली उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांना तालुक्याच्या गावांतली मुलेही बसतात. त्यातून राग, ताल, लिपी यांचा पाया तयार होतो. नाट्यपदाला त्यापुढे आणखी काही लागते: शब्द शेवटच्या रांगेत कळला पाहिजे, तान प्रसंगाला धरून असली पाहिजे, आणि गाताना समोरच्या पात्राकडे पाहता आले पाहिजे.

दुसरी पायरी शिष्यवृत्त्यांची. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रतिभाशोध शिष्यवृत्तीसाठी दहा ते चौदा वयाची मुले अर्ज करू शकतात. अठरा ते पंचवीस वयाच्या तरुण कलावंतांसाठी दोन वर्षांची वेगळी शिष्यवृत्ती आहे. राज्य शासनाचीही पंडित भीमसेन जोशींच्या नावाने शास्त्रीय संगीतासाठी युवा शिष्यवृत्ती आहे. वयाचे आकडे पुन्हा वाचावेत. नव्याने अर्ज करू पाहणाऱ्यांसाठी चौदा आणि अठरा यांच्यामध्ये नेमकी ती चार वर्षे रिकामी राहतात, ज्यांत आवाज फुटतो, दहावी-बारावी येते आणि बहुतेकांचे गाणे सुटते. दुसरीकडे संगीत रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्यांसाठी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार आहे. तो योग्यच आहे. मात्र जीवन सुरू होतानाच्या गौरवाला आपण अजून नाव शोधलेले नाही.

तिसरी पायरी संस्थांची आणि स्पर्धांची. पुण्याचे भरत नाट्य संशोधन मंदिर, मुंबईचे विद्याधर गोखले संगीत नाट्य प्रतिष्ठान, रत्नागिरीची खल्वायन, पलीकडे गोव्यात कला अकादमी आणि देवळांच्या उत्सवांतली हौशी नाटके यांनी परंपरा हिमतीने धरून ठेवली आहे. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांसाठी स्वतंत्र विभाग आहे. पण स्पर्धेचे गणित पाहा. तीन-चार महिने तालीम, केंद्रावर एक प्रयोग, निवड झाली तर अंतिम फेरीचा एक. दोन प्रयोगांनंतर नेपथ्य गोदामात. जुन्या मंडळीतल्या मुलाला वर्षात सत्तर रात्री मिळत; आजच्या तितक्याच गुणी मुलीला दोन. पहिल्या प्रयोगात घसरलेली जागा तिसऱ्या प्रयोगात सुधारते, आणि तिसरा प्रयोग होतच नाही.

परदेशी ऑपेरालाही हाच पेच पडला होता. तिथला एक मार्ग आपल्याला विचार करण्याजोगा आहे. जर्मनीत सरकारी मदतीवर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहे आहेत, त्यांतली कित्येक आपल्या जिल्ह्याच्या गावाएवढ्या शहरांत. तिथे तरुण गायकाला हंगामभराच्या करारावर ठेवतात. तो एका वर्षात पाच-सहा छोट्या भूमिका गातो आणि मोठी भूमिका शिकून तयार ठेवतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑपेराने 1957 साली, तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने 1980 साली तरुणांसाठी असे स्वतंत्र उपक्रम सुरू केले. शिकवणी, भाषा, अभिनय आणि छोट्या भूमिका असा तो संसार आहे. आपली मंडळी हेच करीत होती. फक्त ती तिकिटांवर चालत होती आणि तिकिटे आटल्यावर तिला दुसरा आधार मिळाला नाही.

एक साधी सूचना

ऑपेरागृह पेणला होणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आमच्याकडे जे आहे ते वापरावे. एकट्या पेण, रोहे आणि अलिबाग तालुक्यांत वर्षभरात किती मांडव पडतात! माघी गणपती, रामनवमी, भाद्रपद, नवरात्र, जत्रा. मांडव असतो, ध्वनिक्षेपक असतो, प्रेक्षक असतो, आणि कार्यक्रमासाठी वर्गणीतून काढलेले पैसेही असतात.

माझी सूचना अशी, की तीन तालुक्यांतल्या पंधरा-वीस मंडळांनी मिळून दर वर्षी एकच संगीत नाटक, किंवा ‘सौभद्र’, ‘शारदा’ अशा नाटकांतला दीड तासाचा निवडक भाग, उभा करावा आणि तोच सगळीकडे फिरवावा. प्रत्येक मंडळाने एका प्रयोगाचा खर्च उचलावा. गाणारी मुले चौदा ते वीस वयाची असावीत. प्रत्येक भूमिकेला दोन जण. कंठ फुटत असलेल्या मुलाला त्या वर्षी गद्य भूमिका द्यावी, पेटीवर बसवावे, पण सोडू नये. जमलेल्या पैशांतला पहिला वाटा साथीदारांना जावा. ऑर्गन वाजवणारा आणि नाटकाचा तबला जाणणारा माणूस आज गायकाहून दुर्मीळ झाला आहे. मुलगी काळी चारला गाणार आणि मुलगा काळी एकला, तेव्हा एका प्रवेशात दोनदा पट्टी बदलून सांभाळून घेणारा साथीदार हाच त्या मुलांचा खरा मास्तर असतो.

याला मोठी संस्था लागत नाही. तीन अडचणी मात्र खऱ्या आहेत. पहिली, मंडळांना दर वर्षी नवा आणि गाजावाजाचा कार्यक्रम हवा असतो. शेजारच्या गावात झालेले नाटक आपल्याकडे कमीपणाचे वाटते. दुसरी, पालकांना दहावीची धास्ती असते आणि ती खोटी नाही; म्हणून तालमी मे महिन्यात उरकून प्रयोग सुट्टीच्या दिवशीच ठेवावे लागतील. तिसरी, मुलींना रात्री घरी पोचवण्याची जबाबदारी आयोजकांनी लेखी घेतली पाहिजे. ती घेतली नाही तर निम्मे गळे उंबरठ्याच्या आतच राहतील.

प्रेक्षक येईल का, अशी शंका घेतली जाते. 2011 साली ‘बालगंधर्व’ आणि 2015 साली ‘कट्यार काळजात घुसली’ हे चित्रपट आले, तेव्हा नाटक कधी न पाहिलेल्या मुलांनी ती पदे गुणगुणायला सुरुवात केली. आवड संपली असती तर हे घडले नसते. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रात्रीसाठी एक झाल्या. तीन महिन्यांनी केशवराव गेले. त्या रात्रीचे वर्णन आपण शंभर वर्षे करीत आलो आहोत. दोन मोठ्या मंडळ्यांना जे जमले, ते आमच्या पंधरा गणेशोत्सव मंडळांना एका हंगामासाठी जमावे, ही अपेक्षा फार नाही. पुढच्या भाद्रपदाला अजून दहा महिने आहेत. त्यात एक नाटक बसते.